दोन टोकांचं गाव : गिरणगावची लोकसंख्या कशी वाचावी?

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल असा आहे. परळ, लालबाग, गिरगाव, दादर या भागांत कोण लोक राहत होते, ते कुठून आले, किती होते, त्यात बायका किती आणि पुरुष किती, आणि पुढे त्यांचं काय झालं, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे. म्हणजे जनगणनेचे आकडे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, लोकसंख्याशास्त्र नव्हे. पण आकडा हासुद्धा एक विधान असतो, आणि कुठलंही विधान तपासून घ्यायचं असतं, एवढी शिस्त आमच्या विषयानं लावलेली आहे. तिच्याच आधारानं पुढे जाऊ.

सुरुवात अगदी अलीकडच्या आकड्यांनी करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सोळा टक्क्यांनी वाढलेली दिसते. त्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. त्यांपैकी ३२ जिल्ह्यांत माणसं वाढली, तीन जिल्ह्यांत कमी झाली. ते तीन जिल्हे कोणते? एक रत्नागिरी. तिथली लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. दुसरा सिंधुदुर्ग, ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. आणि तिसरा जिल्हा कुठला असेल, असं श्रोत्यांना विचारलं तर गडचिरोली, नंदुरबार अशी उत्तरं येतात. तिसरा जिल्हा आहे मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं बेट, ज्यात आपलं गिरगाव, परळ, लालबाग, दादर येतं. ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं कमी!

आता गंमत पाहा. एक जिल्हा देशातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या जिल्ह्यांपैकी, दुसरे दोन डोंगर-समुद्राच्या बेचक्यातले, खेड्यांचे. वरवर काही संबंध नाही. तरी राज्यात नेमके हेच तीन घटले. हा योगायोग म्हणावा का? आमचं म्हणणं असं, की पूर्ण योगायोग नाही. ही तीन वेगळी गावं नसून एकाच गावाची दोन टोकं आहेत, आणि दोन टोकांना जोडणारी जी वस्तू होती ती गेली. आजच्या व्याख्यानात एवढा एकच मुद्दा मांडायचा आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

‘राहणारा’ म्हणजे कोण?

लोकसंख्या मोजायची तर आधी ‘इथं राहणारा’ कोण हे ठरवावं लागतं. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे व्याख्या कशी करावी याचे नियम आहेत. चुकीच्या लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचं लक्षण ‘तांबूस रंगाचा प्राणी’ असं केलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेला प्राणी’ असं केलं तर म्हशीही आत येतात; ही अतिव्याप्ती. आणि ‘एकच खूर असलेला प्राणी’ म्हटलं तर एकही गाय हाती लागत नाही. तो असंभव दोष.

आता ब्रिटिश काळात जनगणना कशी होत असे? १९३१ पर्यंत ती एका रात्रीत व्हायची. फेब्रुवारी-मार्चमधली एक रात्र ठरायची, आणि त्या रात्री जो जिथं सापडेल तो तिथला, असा हिशोब. काही वेळा ही रात्र शिमग्याच्या आगेमागेच यायची, आणि शिमग्याला कोकणी माणूस कुठं असतो हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा हे लक्षण गिरणगावाला लावलं, की एकाच वेळी दोन दोष होतात. जो माणूस नऊ-दहा महिने परळला साचे चालवतो पण त्या रात्री गावी आहे, तो परळच्या आकड्यातून सुटला. आणि जो त्या रात्री परळला आहे तो परळचा धरला गेला, जरी त्याची बायको, पोरं, आईबाप, जमीन, कुळदैवत आणि कर्ज हे सगळं चिपळूणला असलं तरी.

त्याला स्वतःला विचारलं असतं तर? मुंबईत दोन मराठी माणसं भेटली, की दुसरा-तिसरा प्रश्न असतो, ‘तुमचं गाव कोणतं?’ याचं उत्तर ‘लालबाग’ असं कुणी देत नसे. ज्याचा जन्म लालबागला झाला तोही ‘संगमेश्वर’ म्हणायचा, ‘कणकवली’ म्हणायचा. लालबागला तो ‘राहायला’ असायचा. गाव आणि राहणं या दोन गोष्टी भाषेनंच वेगळ्या ठेवल्या होत्या. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्यांच्यासाठी एकच रकाना.

आकडे काय सांगतात

तरीही आकडे टाकून देऊ नयेत. मुंबईची पहिली मोठी जनगणना १८६४ सालची. तेव्हा शहरात ८ लाख १६ हजार माणसं मोजली गेली. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झालेला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि १८७२ मध्ये हीच संख्या ६ लाख ४४ हजारांवर आली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आठ वर्षांत कमी. पुढे गिरण्या वाढल्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली होती; तिच्यामागोमाग भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग, शिवडी, वरळी अशी धुराड्यांची रांग उभी राहिली. १८९१ ला ८ लाख २१ हजार. मग १८९६ चा प्लेग, लोक गावाकडे पळाले, १९०१ ला ७ लाख ७६ हजार. १९२१ ला ११ लाख ७५ हजार. आणि मंदीच्या तोंडावर, १९३१ ला, पुन्हा थोडी घट.

या चढउतारात एक गोष्ट लक्षात घ्या. संकट आलं की हे शहर आकसतं, बरं झालं की फुगतं. भरती-ओहोटीसारखं. मँचेस्टर-लँकेशरच्या कामगाराची जमीन एकदा सुटली ती सुटलीच. त्याला परत जायला जागा नव्हती. मुंबईच्या कामगाराला होती.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांतली ८४ माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. शंभरात सोळाच ‘मूळची’. आणि बाहेरून आलेल्यांत सगळ्यात मोठा गट एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा, दोन लाखांहून अधिक. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता. तो १९८१ साली वेगळा झाला. म्हणजे शहरातला साधारण पाचातला एक माणूस एका जिल्ह्यात जन्मलेला. बाकीचे सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर, गुजरात-कच्छ, उत्तर हिंदुस्थान, गोवा, तेलंगण.

रत्नागिरीचेच इतके का? जमीन कातळाची, तुकड्यांची. त्यात खोती. कुणबी आणि महार कुळं खोताच्या जमिनी कसायची आणि पीक निघालं की त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. पूर्वी लष्कराची नोकरी हा एक मार्ग होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती थांबली आणि तोही बंद झाला. उरली मुंबई. बंदरावरून आगबोट धरली की माणूस मुंबईच्या धक्क्यावर. घाट चढून सातारला जाण्यापेक्षा कोकणी माणसाला मुंबई जवळची होती.

आता बायका-पुरुषांचं प्रमाण. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका. म्हणजे दोन पुरुषांमागे एक बाई. आणि त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. हे दोन आकडे जनगणनेच्या वेगवेगळ्या पानांवर असतात. ते शेजारी ठेवून पाहिले की आपल्याला एकच घर दिसतं. बाप्या परळला, बाई गावाला. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड याच ताटातुटीवर उभी आहे. अण्णाभाऊ कोकणातले नव्हेत, सांगलीकडच्या वाटेगावचे. म्हणजे घाटावरही तेच होतं.

खोलीत कोण राहत होतं

या सडेफटिंग पुरुषांनी राहायचं कुठं? शहरातल्या साधारण दोनतृतीयांश लोकांचं बिऱ्हाड एका खोलीचं होतं. गिरणगावात एका गावच्या, एका वाडीच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत, गावकऱ्यांच्या खोल्या. भिंतीला ट्रंका, खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात मोरी. दहा-वीस माणसं एका खोलीत, तीही पाळीपाळीनं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. जागा कमी पडली तर व्हरांडा, जिना, फुटपाथ.

या खोल्या म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हती. गावातनं नवा पोरगा आला की त्याला इथंच उतरायचं, इथल्याच कुणीतरी त्याला जॉबरसमोर उभं करायचं आणि बदली कामगार म्हणून दारात नेऊन सोडायचं. गावच्या देवळाची वर्गणी इथंच गोळा व्हायची. गावातली भांडणं इथं मिटायची, कधी इथं सुरू व्हायची. आजही कोकणातल्या कित्येक ग्रामस्थ मंडळांच्या पावतीपुस्तकावर दोन पत्ते असतात, एक गावचा आणि एक मुंबईचा. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच सोय ‘कूड’ या नावानं केली होती. गावागावांचे कूड धोबीतलाव-माझगाव भागात होते आणि बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक तिथं उतरायचे.

जेवणाचं काय? खाणावळी. त्या चालवायच्या बहुतेक बायका. कामगाराची बायको, कुणी विधवा, कुणी नवऱ्याची नोकरी सुटलेली. पंधरा-वीस जणांचा दोन वेळचा स्वयंपाक, पैसे पगाराला. संपात पगार बंद झाला तरी चूल बंद करता येत नसे, कारण जेवणारी माणसं गावचीच. लाखो कामगारांना खाऊ घालणाऱ्या या बाया जनगणनेत बहुतेक ‘घरकाम’ करणाऱ्या म्हणून गेल्या असतील. त्यांचं कामगार म्हणून संघटन व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खाणावळवाल्यांसाठी. गिरणीच्या आतही बायका होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत साधारण पाचवा हिस्सा, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. त्यानंतर आणि गिरण्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केल्यावर त्यांची संख्या उतरत गेली. चांगल्या कायद्याचा असाही परिणाम होतो.

सगळे एकत्र, पण एकसारखे नव्हेत

गिरणगावाबद्दल बोलताना आपण ‘कामगार वस्ती’ असा एक शब्द वापरतो आणि मोकळे होतो. पण आत गेलं की थर दिसतात. साचे खात्यात मराठा, कुणबी आणि मदनपुऱ्यातले मोमीन विणकर. वरळी-लोअर परळकडे तेलुगू पद्मशाली. गिरणगावात वाण्याच्या दुकानावर कच्छी-गुजराती, बाजारात कोळणी. लालबागलाच नवरोज बाग ही पारशांची वसाहत. १९३४ साली लालबागचा गणपती बसला तो बाजारातल्या कोळी आणि व्यापारी मंडळींनी बसवलेला, हेही ध्यानात ठेवा.

आणि सगळ्यात कठीण रेघ जातीची. साचे खात्यात पगार जास्त. तिथं दलितांना काम नाही. कारण काय सांगायचे, तर धोट्यातलं सूत संपलं की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. तो धोटा उष्टा होतो, मग विटाळ होतो. दलित कामगार कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ साली सहा महिन्यांचा मोठा संप झाला, गिरणी कामगार युनियन त्यातच जन्मली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना विणकामाचा हक्क आहे का?

बाबासाहेबांचं स्वतःचं घर या नकाशावर ठेवून पाहण्यासारखं आहे. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वडील रामजी सकपाळ मुंबईला आले ते लोअर परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. मग परळची बीआयटी चाळ, दोन खोल्या. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय जवळच्याच दामोदर हॉलमध्ये. आणि तिसऱ्या दशकानंतर दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. रत्नागिरी, परळ, दादर. अनेक घराण्यांचा दोन-तीन पिढ्यांचा प्रवास असाच आहे. हे एकच माणूस एका आयुष्यात चालून गेला.

गिरगावची गोष्ट थोडी निराळी. इथं पाठारे प्रभू, भंडारी, कोळी हे जुने रहिवासी. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं. त्यांच्यात येऊन भरले ते कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, कोर्टातले लेखनिक. पुष्कळसे रत्नागिरीचेच, पण ब्राह्मण आणि इतर पांढरपेशे. चाळ तशीच, खोली तशीच एक-दोन, पण गिरगावात बिऱ्हाड असायचं, म्हणजे बायकामुलांसह. त्यामुळे १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हा तो कुटुंबांचा उत्सव होता. १९२० नंतर याच मंडळींतले जरा बऱ्या पगाराचे दादर-माटुंग्याच्या नव्या आखीव वस्तीत, शिवाजी पार्कच्या आसपास गेले. म्हणजे एकाच जिल्ह्यातून निघालेली माणसं. गावात एक खोत, एक कूळ. मुंबईत एक गिरगावला, एक लालबागला. गावातलं अंतर ट्रामच्या चार थांब्यांत रूपांतरित झालं इतकंच.

सरकारनंही चाळी बांधल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या म्हणून त्या बीडीडी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. एकूण २०७. प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. हिशोब करा, साडेसोळा हजार खोल्या होतात.

दोन आकडे, दोन गैरसमज

आता सुरुवातीला म्हटलेल्या मुद्द्याकडे येऊ. एकाच टोकाचा आकडा पाहिला की अर्थ कसा चुकतो याची दोन उदाहरणं देतो.

१९२१ साली मुंबईतला बालमृत्यूचा नोंदलेला दर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर होता. ऐकून अंगावर काटा येतो. एका खोलीतली दाटी, पाणी, हवा, आईची नोकरी या सगळ्यांमुळे मुलं भयंकर प्रमाणात मरत होती यात शंकाच नाही. पण हा दर काढतात कसा? वरती मेलेली मुलं, खाली नोंदलेले जन्म. आणि गिरणगावातली बाई बाळंतपणाला कुठं जायची? माहेरी, गावाला. जन्म कोकणात. चार-सहा महिन्यांचं मूल घेऊन ती मुंबईला आली आणि ते मूल इथं दगावलं, तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. वरचा आकडा मुंबईचा, खालचा अर्धामुर्धा. त्यात न नोंदलेले जन्म वेगळेच. म्हणजे खरा दर नोंदलेल्यापेक्षा कमी असणार. दुःख कमी नव्हे, आकडा कमी. आणि त्याच वेळी गावच्या नोंदीत ते मूल जन्मलं होतं, पण मेलं नव्हतं.

दुसरं उदाहरण आजचं. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. महाराष्ट्राची सरासरी ९२९. वर्तमानपत्रात छापून येतं, कोकण पुरोगामी, तिथं मुलीला मान. कोकणातल्या मुलीला मान असेलही, त्याबद्दल भांडण नाही. पण त्याच रत्नागिरीत सहा वर्षांखालच्या मुलामुलींचं प्रमाण पाहा. तिथं हजार मुलग्यांमागे मुली हजाराच्या आतच आहेत. मग मोठेपणी बायका जास्त कशा? बायका जास्त नाहीत, पुरुष गावात नाहीत. आणि त्याच जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ बायका. शंभर वर्षांपूर्वीची ती दोन पानं अजून एकमेकांना उत्तर देतात, फक्त अंतर कमी झालं आहे.

दोर काय कामाचा होता

गाव आणि मुंबई यांच्यातल्या या दोराकडे गोरे अधिकारी बरीच वर्षं नाराजीनं पाहत. हा कामगार अर्धा शेतकरी, याला शिस्त नाही, शिमगा-गणपती आला की पळतो. १९३१ साली शाही कामगार आयोगाचा अहवाल आला. त्यानं मात्र म्हटलं, की गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, तो कामगाराच्या हिताचा आहे, त्याला नीट वळण लावावं. यात शहाणपण होतं आणि सोयही होती. कामगार म्हातारा झाला, आजारी पडला, काम गेलं, तर त्याला पोसायचं कुणी? गावानं. गिरणीला निवृत्तिवेतनाचा, दवाखान्याचा, बायकामुलांच्या घराचा खर्च करावा लागत नव्हता, कारण तो रत्नागिरीतली बाई नाचणी-भात लावून करत होती. मनीऑर्डर कोकणात येते हे सगळे बोलतात. कोकणातून गिरणीला काय जात होतं, हे फार थोडे बोलतात.

पण हाच दोर कामगाराच्या हातात शस्त्रही होता. १९२८ चा संप सहा महिने टिकला त्याचं एक कारण, माणसं गावी जाऊ शकत होती. आणि उलटंही. खोतीविरुद्धचा लढा नुसता कोकणातल्या बांधावर झाला नाही. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चानं विधिमंडळावर गेली. कुणबी आणि महार एकत्र. गावात खोतापुढे मान वर न करणारा माणूस मुंबईत मोर्चात चालत होता. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर.

दोर तुटतो तेव्हा

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या, अडीच लाख कामगार. तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. या वेळीही माणसं गावी गेली, गावाकडून तांदूळ आला. पण पूर्वीसारखं परत बोलावणं आलं नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या. १९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाचा नियम झाला, २००१ मध्ये तो बदलला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला. सुमारे सहाशे एकर जमीन. पुढे तिथं काय उभं राहिलं हे लोअर परळ स्टेशनच्या पुलावरून दिसतं.

आकड्यांत हे कसं उमटलं? मुंबई शहर जिल्ह्यात १९८१ ला ३२ लाख ८५ हजार, १९९१ ला ३१ लाख ७४ हजार. स्वातंत्र्यानंतरची पहिली घट इथंच. २००१ ला जरा वाढ, आणि २०११ ला पुन्हा मोठी घट. माणसं गेली कुठं? थोडी गावी. जास्त विरार, नालासोपारा, कल्याण, डोंबिवली, बदलापूर, दिव्याकडे. २०११ ला ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला. गिरगावची मंडळी याआधीच निघाली होती. खोलीत तिसरी पिढी मावेना, तेव्हा पागडी घेऊन डोंबिवली-बोरिवली गाठली. म्हणजे मुंबई शहराच्या घटीला गिरणी हे एकच कारण नाही. घरांच्या किमती आहेत, चाळींच्या जागी आलेली कचेऱ्यांची काचघरं आहेत, लहान झालेली कुटुंबं आहेत. रत्नागिरीच्या घटीतही मुलं कमी होणं हे कारण आहेच. आम्ही म्हणतो ते एवढंच, की पूर्वी एका टोकाला ओहोटी आली की दुसऱ्या टोकाला भरती यायची. प्लेगात शहर आकसलं तेव्हा माणसं गावी होती. आता दोन्ही टोकांना एकाच वेळी ओहोटी आहे. पूर्वी माणूस गाव आणि परळ यांच्यामध्ये ये-जा करायचा. आता तो दोन्हीकडून उठून तिसरीकडे गेला आहे, आणि तिथून गावी जातो तो गणपतीच्या जादा गाड्यांनी, पाच दिवसांसाठी. एरवी कोकणात कुलूप लावलेली घरं आणि त्यांची किल्ली शेजारच्या म्हातारीकडे.

याचा आजच्या व्यवहाराशी संबंध आहे. गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली. २०१२ मध्ये म्हाडानं सोडत काढली. अर्जदार कामगार आणि वारस दीड लाखाच्या आसपास, घरं सात हजारांच्या आत. उरलेल्यांपुढे पुढे शेलू-वांगणीच्या घरांचा पर्याय ठेवला गेला आणि त्यावरून मोर्चे निघाले. सगळीकडे प्रश्न एकच, पात्र कोण? बीडीडीतल्या, जुन्या चाळींतल्या पुनर्विकासातही तोच. पात्रता ठरते भाडेपावतीवर, नोंदीवर. पण ज्या खोलीत वीस माणसं पाळीनं झोपली तिच्या पावतीवर नाव एकाचंच होतं. एकोणिसांनी त्या खोलीत आयुष्य काढलं, तिथून गिरणी चालवली, आणि कागदावर ती माणसं कुठंच राहत नव्हती. आणि खाणावळवाल्या बाईचं नाव तर हजेरीपटावरही नव्हतं, पावतीवरही नव्हतं. न्यायशास्त्रातली अव्याप्ती ही वर्गात फळ्यावर लिहायची गोष्ट वाटते. व्याख्येतून सुटलेल्या गाईचं काही बिघडत नाही. माणूस सुटला की त्याचं घर जातं.

तेव्हा गिरणगावचा इतिहास लिहायचा तर परळच्या पानाशेजारी चिपळूणचं, संगमेश्वरचं, मंडणगडचं पान उघडं ठेवूनच लिहावा लागेल. दामोदर हॉलमध्ये वर्षानुवर्षं कोकणातली नमनं, शक्ती-तुरे होत आले. तिकीट काढून बसणारे मुंबईकर होते की गावकरी, असं विचारलं असतं तर प्रश्नच कुणाला कळला नसता. ते नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं.

शेवटी एक विनंती. पुढची जनगणना २०२७ साली व्हायची आहे. जन्म कुठं झाला, याआधी राहत कुठं होता, हे प्रश्न आजवरच्या जनगणनांत विचारले गेले आहेत. प्रगणक दारात आला की आपण घाईत काहीतरी सांगतो आणि दार लावतो. तसं करू नका. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आधी विचारा. तुम्ही मुंबईला कोणत्या साली आलात, कुणाच्या खोलीत उतरलात, त्या खोलीत किती जण होतात, जेवायला कुणाकडे होतात, त्या बाईंचं नाव काय? यातलं जनगणनेच्या रकान्यात फार थोडं बसेल. बाकीचं वहीत लिहून ठेवा. पुढे कुणी हा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला तुमची वही लागणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.